एकाच अक्षरातले अकरा अर्ज

इनायतुल्लाचं मराठी अक्षर इतकं सुरेख, की त्यापायी अकरा घरं गोत्यात आली. अक्षराचा यात काही दोष नव्हता. दोष होता तो इनायतुल्लाचा, आणि तो त्यानं पुढे स्वतःच कबूल केला, म्हणून तर ही हकिकत सांगता येते.

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका दाल मिलमध्ये तो चोवीस वर्षं फिटर होता. घरात बोली उर्दूमिश्रित वऱ्हाडी, मिलमध्ये निव्वळ वऱ्हाडी, आणि लिहिणं मात्र मराठीत. नगरपालिकेच्या शाळेतल्या गुरुजींनी दुरेघी वहीवर त्याचा हात असा बसवला होता, की यंत्राला ग्रीस भरून, बोटं पुसून तो तसाच कागदाशी बसला तरी ओळ तसूभर हलत नसे. मिलमधल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. सुट्टीचा अर्ज, रेशनकार्डातलं नाव, पोराच्या शाळेचा दाखला, वाढून आलेलं विजेचं बिल, काहीही असो, लोक कोरा कागद घेऊन चाचाकडे येत. चाचा आधी चहा सांगायला लावे, मग विचारे, "कोनाले लिवायचं?" एवढं कळलं की त्याला पुरे. बाकीचं तो आपल्या मनानं लिही. सुरुवातीला 'महोदय', शेवटी 'आपला विश्वासू', आणि मधे असं काही भारदस्त, की अर्ज करणाऱ्याला स्वतःविषयीच आदर वाटू लागावा. माणसाला एखादा शौक असतो. इनायतुल्लाला बिडी नव्हती, पान नव्हतं, अर्ज होते.

मागच्या दिवाळीनंतर मिलमध्ये नवं यंत्र आलं. एका तोंडात तूर ओतायची, दुसऱ्या तोंडातून डाळ पोत्यात. मधे माणसाचं काम बटण दाबण्यापुरतं. बिघडलं तर दुरुस्तीलाही कंपनीचाच माणूस नागपूरहून येणार होता. मालक देवानंदभाऊ तसा वाईट माणूस नव्हे. त्यानं अकरा जणांना ऑफिसात बोलावलं, खुर्च्या दिल्या आणि सांगितलं, की एक तारखेपासून येऊ नका. पगाराचा हिशेब चोख करून देतो म्हणाला. हे सांगताना तो टेबलावरच्या काचेकडे पाहत होता.

अकरा जण बाहेर आले आणि वजनकाट्याच्या कठड्यावर बसले.

त्या मिलमध्ये कुणी काम सोडलं, दुसरीकडे गेला, परत आला, तर त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण 'काढला' म्हटलं की अर्थ एकच, यानं पोतं लंपास केलं. सात-आठ वर्षांपूर्वी एका हमालाला असंच एका पोत्यावरून काढलं होतं. तो पुढे ज्या ज्या मिलच्या दारात गेला, तिथे त्याच्या आधी ती बातमी पोचलेली असे. शेवटी कंटाळून तो सुरतेला निघून गेला. त्या दिवशी कठड्यावर बसलेल्या अकरा जणांना पगाराच्या आधी तो हमाल आठवला.

इनायतुल्लाला त्याहून जवळचं काही आठवलं. त्याच्या मुलीचं, मिस्बाहचं लग्न अमरावतीला ठरत आलं होतं. राजापेठेत तनवीरभाईंचं शिलाई मशीनचं दुकान आहे, त्यांचा मुलगा वकार. मुलगी पसंत होती, मुलगा पसंत होता, तारीख तेवढी राहिली होती. अशा वेळी मुलीच्या बापाला मिलमधून काढलं, ही गोष्ट राजापेठेपर्यंत पोचली तर?

"आपून काढूच द्यायचं नाई," तो म्हणाला. "आपूनच सोडू. लिवून देऊ का आमी आमच्या खुशीनं काम सोडून राहिलो. मंग कोन काय म्हनन?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. चाळणीवर काम करणारा बंडू, तिशीतला, तो तेवढा अडला. "पन चाचा, मी तं खुश नाई."

"अबे, अर्जात असंच लिवा लागते."

"मी खुश नाई, तं खुश हाय म्हनून काहून लिवू?"

"तुले अर्जातलं काय समजते? सही कर चूपचाप."

मुनीम किसनरावाच्या कानावर हे गेलं तेव्हा त्याला बसल्या जागी लॉटरी लागल्यासारखं झालं. माणसं आपणहून जातायत म्हटल्यावर नुकसानभरपाईची कटकटच मिटली. त्यानं लगेच अकरा कोरे कागद आणले आणि न मागता चहाही सांगितला. इनायतुल्लानं पेन झटकलं आणि अकरा वेळा लिहिलं: 'मी माझ्या स्वखुशीने, कोणाच्याही दबावाविना, घरगुती अडचणीमुळे कामावरून मुक्त होत आहे. मालकांनी आजवर दिलेल्या वागणुकीबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.' हे ऋणाचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. सुचलं, म्हणून लिहिलं. बंडूनं सगळ्यांच्या शेवटी सही केली, आणि तीही कागद न वाचता.

शेवटच्या दिवशी देवानंदभाऊनं प्रत्येकाला शाल आणि नारळ दिला, फोटो काढला. घरी आल्यावर इनायतुल्लानं शाल बायकोच्या हातात दिली. कुलसुमबीनं ती उलटीपालटी करून पाहिली आणि ट्रंकेत ठेवली. चार दिवसांनी ताट उचलताना तिनं विचारलं, "मिस्बाहचे अब्बा, खुशीनं सोडलं म्हन्ता, मंग जेवन काहून जात नाई?" तो दात दुखतो म्हणाला.

महिना-दीड महिना असाच गेला. एक्कावन्न वर्षांच्या फिटरला दुसऱ्या मिलवाले चहा पाजत, पण काम देत नसत. अशात एका सकाळी बंडू सायकलवर आला, तो उतरायच्या आधीच बोलायला लागला. पगारातून दर महिन्याला विम्याचे पैसे कापले जात, ते सगळ्यांना माहीत होतं. त्या विम्याचं कार्ड म्हणजे खोकल्याचं औषध आणि तापाची रजा, एवढीच त्याची ओळख. पण जठारपेठेत ऑनलाइन फॉर्म भरणारी आचल म्हणून मुलगी आहे, तिनं बंडूला सांगितलं होतं, की त्याच विम्यात काम गेलेल्याला भत्ता मिळतो. रोजच्या मजुरीच्या निम्मा, जास्तीत जास्त नव्वद दिवस, आणि आयुष्यात एकदाच.

अकरा जण जठारपेठेत जमले. दुकान एवढंसं, त्यामुळे सात जण रस्त्यावर उभे. आचलनं अटी वाचून दाखवल्या. विमा दोन वर्षं तरी भरलेला हवा. ठरावीक दिवसांची वर्गणी जमा हवी. चोरी, मारामारीवरून काम गेलेलं नको, आणि स्वतःहून सोडलेलं नको.

"काका, तुमाले काढलंच ना?" तिनं बोटं कीबोर्डवर ठेवून विचारलं.

इनायतुल्लानं बंडूकडे पाहिलं. तो काही बोलायच्या आत बंडू म्हणाला, "काढलं नाई तं काय मंग! यंत्र आलं अन् काढलं." आचलनं 'कामगार कपात' निवडलं. ते राजीनाम्याचे अर्ज मिलच्या कपाटात बंद आहेत, विम्याचं ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला, कोण कशाला उघडतंय, अशी इनायतुल्लानं मनाची समजूत घातली आणि गप्प राहिला. अर्ज लिहिणं ही चूक म्हणता येईल. हे गप्प राहणं मात्र चूक नव्हतं, भित्रेपणा होता.

मग वाट पाहणं सुरू झालं. दर सोमवारी आचल संगणकावर बघे आणि मान हलवे. 'प्रलंबित'. फॉर्म बरोबर होते, बँकेची पासबुकं बरोबर होती, आधार जोडलेलं होतं. ऑफिसात गेलं की सांगत, मिलकडून खात्री व्हायची आहे, ती आली की पुढे सरकेल. आठवड्यामागून आठवडे गेले. बंडूची आई पार्वताबाई, साठी उलटलेली, कंबर धरून चालणारी, तीसुद्धा पुन्हा हरभरा सोंगायला जाऊ लागली. इनायतुल्लानं तिला एकदा पहाटेच्या ऑटोत विळा घेऊन बसलेली पाहिली, आणि ओळख न देता तो दुसऱ्या गल्लीत वळला.

सातव्या सोमवारी ऑफिसातून बोलावणं आलं. तिथे वर्षाली मॅडम म्हणून नव्या अधिकारी होत्या. त्यांनी अकरा जणांना आत घेतलं आणि सरळ सांगितलं, "मिलनं तुमचे राजीनामे पाठवलेत. तुम्ही सगळ्यांनी स्वखुशीनं काम सोडलं असं त्यात आहे. तसं असेल तर भत्ता बसत नाही. पंधरा दिवसांत खुलासा द्या, नाहीतर मला हे अर्ज नामंजूर करावे लागतील."

बाहेर आल्यावर कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर इनायतुल्लाला बरं वाटलं असतं. बंडूनं सायकलचं कुलूप काढलं आणि एवढंच म्हणाला, "चाचा, मी बोल्लो होतो." आणि गेला.

त्या आठवड्यात त्यांच्यातल्याच एकाला तहसीलमध्ये अर्ज द्यायचा होता. तो इनायतुल्लाच्या दारावरून गेला आणि कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याला पैसे देऊन अर्ज लिहून घेतला. कुलसुमबीनं ही बातमी आणली. काम गेलं तेव्हा इनायतुल्ला रडला नव्हता, त्या दिवशी मात्र त्याचे डोळे भरून आले.

तो मिलवर गेला. किसनराव चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "इनायतभाई, अक्षर तं तुमचंच हाय. मी थोडीच लिवलं?" हे खरंच होतं. देवानंदभाऊनं त्याला आत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "चाचा, मी काढलं असं लिवून देलं तं अकराही जनाची भरपाई माह्या अंगावर येते. मी आपल्या हातानं काही लिवनार नाई. पन सायबानं समोर बसवून इचारलं, तं खोटंबी बोलनार नाई."

दहाव्या दिवशी इनायतुल्ला एकटाच वर्षाली मॅडमकडे गेला. अकरा कागद त्यांनी टेबलावर ओळीनं मांडून ठेवले होते. त्याला पाहताच त्यांनी विचारलं, "हे कुणी लिहिलंत?"

"मी."

"एकच तारीख, एकच घरगुती अडचण, आणि अकराच्या अकरा जण मालकांचे ऋणी." त्या हसल्या नाहीत. "काका, काय झालं असेल ते मलाही कळतं. पण मला कळून उपयोग नाही, ते कागदावर यायला हवं. ज्यानं हे लिहिलं त्यानंच लिहून द्या, की हे का लिहिलं आणि खरं काय घडलं. मग मी मालकांना समोर बोलावून विचारू शकते."

"त्यात आमाले काढलं, असं लिवा लागन?"

"जे झालं ते लिहावं लागेल."

"तो कागद कोन कोन वाचते मॅडम?"

मॅडमना वाटलं, हा मिलवाल्याला भितो. त्यांनी बिनधास्त लिहा म्हणून धीर दिला. इनायतुल्लाच्या डोळ्यांसमोर मात्र राजापेठ होती. दोन दिवस द्या म्हणून तो उठला. कागद अमरावतीला पोचायच्या आधी आपण पोचावं, एवढं त्यानं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तो अमरावतीला उतरला. राजापेठेत क्लासला निघालेल्या पोरापोरींच्या गाड्यांतून वाट काढत दुकानाशी पोचेपर्यंत त्यानं जे बोलायचं ते चार वेळा घोकलं होतं. तनवीरभाई एका मशीनचं पोट उघडून बसले होते. या या म्हणून त्यांनी स्टूल पुढे केलं. इनायतुल्ला बसला नाही. घोकलेलं सगळं विसरला आणि म्हणाला, "मी काम सोडलं नाई. मले काढलं. चोरी नाई, चकारी नाई, यंत्र आलं म्हनून काढलं. तुमच्यापासून लपवलं मी."

तनवीरभाईंनी पेचकस खाली ठेवला. "बसा भाईजान. हे आमाले तेव्हापासूनच मालूम हाय."

"कसं?"

"मिस्बाहनं वकारले दुसऱ्याच दिवशी फोनवर सांगितलं. लपवाची गोष्टच नाई म्हने ते." तनवीरभाईंनी पोटाशी धरलेलं फडकं घडी घालून ठेवलं. "काम कोनाचं जात नाई? पन तुमी आले का म्हनत, मीच सोडलं, आता आराम करतो. वकारची अम्मी म्हने, जो मानूस एवढी गोष्ट सांगत नाई, त्याच्या घरी तारीख कशी धरावी? म्हनून तं आमी थांबलो होतो. तुमी सांगाची वाट पाहून राहिलो होतो."

मग चहा आला, वकार आला, वरच्या मजल्यावरून त्याची अम्मीही येऊन गेली. इनायतुल्लाला त्यातलं फारसं आठवत नाही. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. जी गोष्ट त्यानं लपवली ती त्याच्या मुलीला ठाऊक होती, जावयाला ठाऊक होती, व्याह्यांना ठाऊक होती. कुलसुमबीला तर पहिल्या ताटालाच कळली होती. ती गोष्ट कुणापासूनच लपलेली नव्हती, आणि तिच्यासाठी त्यानं अकरा घरांचे पैसे अडकवून ठेवले होते. त्याला लाज वाटली. काढलं म्हणून नव्हे. पार्वताबाईचा विळा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना, म्हणून.

अकोल्यात उतरून तो घरी न जाता थेट बंडूकडे गेला. बंडू ओट्यावर बसला होता. त्यानं या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पार्वताबाईनं तांब्याभर पाणी आणून दिलं.

"बंडू, उद्या माह्यासंग ऑफिसात चाल," इनायतुल्ला म्हणाला. "मी लिवतो. पन या वक्ताले तू पहिले वाचशीन, मंगच मी देईन."

ऑफिसच्या व्हरांड्यातल्या बाकावर दोघं बसले. इनायतुल्लानं पेन झटकलं आणि सवयीनं सुरुवात केली, 'महोदया, सविनय निवेदन करण्यात येते की, परिस्थितीच्या ओघात'. इथे तो थांबला. त्यानं तो कागद फाडला. दुसऱ्या कागदावर त्यानं लिहिलं: 'आम्ही अकरा जणांनी काम सोडलेले नाही. नवीन यंत्र आले आणि आम्हाला काढून टाकले. काढले म्हटले तर लोक चोर समजतील, अशी मला भीती वाटली. माझ्या मुलीचे लग्न ठरत होते. म्हणून राजीनामे मी लिहिले. बाकीच्या दहा जणांनी माझ्यावर भरवसा ठेवून सह्या केल्या. त्यांतला एक जण नको म्हणत होता, त्याचे मी ऐकले नाही.' खाली 'आपला विश्वासू' नव्हतं. नुसती सही होती.

बंडूनं कागद दोनदा वाचला. वाचायला त्याला वेळ लागे. मग बोट ठेवून म्हणाला, "हा एक जन कोन ते बी टाका ना. नाव गाव काई हाय का नाई त्याले?"

इनायतुल्लानं 'एक जण'च्या जागी त्याचं नाव लिहिलं. सगळा कागद नव्यानं उतरवला, खाडाखोड त्याला सहन होत नसे.

देवानंदभाऊला बोलावणं गेलं. समोर बसवून विचारल्यावर त्यानं खरं ते सांगितलं, म्हणजे शब्दाला जागला. तरी पैसे काही दुसऱ्या दिवशी जमा झाले नाहीत, आणखी दोन महिने लागले. अकरांपैकी नऊ जणांना भत्ता मिळाला. एकाची वर्गणी काही दिवसांनी कमी भरली, आणि एक मधेच पुण्याला कामाला लागला होता. भरपाईचं प्रकरण अजून चालूच आहे, त्याचे कागद वकील लिहितो. मिस्बाहचं लग्न उन्हाळ्यात झालं. ती ट्रंकेतली शाल कुलसुमबीनं पाठवणीच्या गाडीत सीटवर अंथरायला दिली.

इनायतुल्ला आता गल्लीतल्या पिठाच्या गिरण्या दुरुस्त करतो. बंडूला दुसऱ्या मिलमध्ये काम मिळालं. पावसाळा सुरू व्हायच्या सुमारास एका रविवारी तो सायकलवर आला. कॅरिअरला कोरा कागद लावलेला होता. नव्या मिलमध्ये रोज चार तास जास्तीचे करून घेतात आणि विचारलं तर हसतात, अशी तक्रार होती. तिथल्या चार-पाच जणांनी मिळून अर्ज द्यायचं ठरवलं होतं.

"लिवून द्या चाचा," बंडू म्हणाला.

कितीतरी महिन्यांनी कुणी इनायतुल्लासमोर कोरा कागद ठेवला होता. त्यानं चहा सांगायला लावला नाही. चष्मा लावला, पेन उघडलं, आणि कागदावर टेकवण्याआधी तसंच हातात धरून ठेवलं.

"पहिले तू सांग, बाप्पा. तुले काय म्हनायचं हाय?"

बंडूनं थोडा विचार केला.

"लिवा," तो म्हणाला, "मी खुश नाई."

इनायतुल्लानं ते तसंच लिहिलं, एकही शब्द न बदलता, आणि मग विचारलं, "पुढं?"